दुबईच्या फ्लॅटपायी काढलेला पासपोर्ट

मी सुधाकर सरांचा पासपोर्ट बोलतोय, आणि जरा चिडूनच बोलतोय. माझ्या छत्तीस पानांपैकी एकाच पानावर शिक्के आहेत. त्या एका पानापायी नांदुऱ्याच्या एका घरात दोन वर्षं जे चाललं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझी पानं नाशिकच्या छापखान्यात छापली गेली. पुढे त्यांवर सरांचा फोटो आणि नाव-गाव चढलं आणि पोस्टमनने मला नांदुऱ्याला आणून दिलं. सर बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं, फोटोवरून अंगठा फिरवला आणि कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवून दिलं. मला वाटलं, आठवडाभरात विमान. कसलं विमान! सात महिने मी डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून होतो.

माझ्यासाठी अर्ज करायला लावलं ते अविनाशने, हे मी मागाहून ऐकलं. अविनाश हा सरांच्या बायकोचा, शरयूताईंचा धाकटा भाऊ. जळगाव जामोदला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान. अकोल्याच्या एका हॉटेलात परदेशातली घरं विकणाऱ्या कंपनीचं भाषण ऐकून आला आणि तडक इथे धडकला.

"भाऊजी, इथं घरभाडं शेकडा तीन सुटते, तिथं सात! दुबईत फ्लॅट घेऊ, अर्धा तुमचा, अर्धा माहा. भाडेकरू त्यायचाच, देखभाल त्यायचीच. आपुन घरी बसून भाडं खायचं."

सरांचे डोळे चमकले. शरयूताईंनी मात्र वही काढली. त्यांचा विरोध नव्हता, हे नीट ध्यानात ठेवा. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं.

"त्या सातातून इमारतीचा खर्च कोन भरन? खोली चार महिने रिकामी राह्यली तं? तिथलं भाडं इथल्या आयकरात दाखवा लागते का? आन आपल्यातलं कोनी गेलं, तं दुसऱ्याले कोनत्या कोर्टात जा लागन?"

"ताई, तू तं तपासनीच करून राह्यली," अविनाश हसला.

"पैसा आयुष्यभराचा आहे न बाप्पा," ताई म्हणाल्या. "फायदा असन तं घेऊ. पन कागद वाचून घेऊ."

किती सरळ बोलणं! पण सरांना सरळ बोलणं चालत नाही. सात महिन्यांनंतर पुढे वर्षभर दर रविवारी ते मला बाहेर काढत, टेबलावर ठेवत आणि हिशेब मांडत. तिथलं चलन, दिरहॅम, वधारला तर इतका फायदा, पडला तर इतका तोटा. सकाळी 'घेऊनच टाकू', दुपारी 'नको बुवा', संध्याकाळी मी परत कपाटात. मुलांना पाढे चुकले म्हणून छड्या मारणारा माणूस, पण स्वतःच्या उत्तराखाली रेघ मारायची हिंमत नाही.

शेवटी अविनाशनेच तिकिटं काढली. तिघं दुबईला गेले, चौथा मी सरांच्या खिशात. दोन दिवसांत अकरा फ्लॅट दाखवले. अकरावा पसंत पडला. "भाडेकरू पाच वर्षांपासून आहे, हलणारच नाही," असं कंपनीचा माणूस सांगत होता. तो फोनवर बोलायला बाहेर गेला, तशा शरयूताई स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्या घरातल्या बाईशी हिंदीत बोलू लागल्या. पाच मिनिटांत उलगडा झाला. बाईच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. पुढच्या महिन्यात ते गावी परतणार होते.

ताईंनी बाहेर येऊन दोघांना हळूच सांगितलं. "नाई म्हनत नाई मी. पन आज सही नका करू. किंमत किती कमी करून भेटन, ते इचारू. उद्या ठरवू."

तरीही त्याच संध्याकाळी कंपनीच्या कचेरीत अविनाशने बयाण्याची रक्कम भरून टाकली. मग त्या माणसाने माझ्यासाठी हात पुढे केला. सरांचा हात खिशावर घट्ट बसला होता. त्यांच्या छातीची धडधड मला कव्हरातून ऐकू येत होती. "भाऊजी, द्या न," अविनाश म्हणाला. सर त्याला बाजूला घेऊन गेले आणि म्हणाले,

"काय करू, अविनाश? माह्यी तयारी आहे. पन शरयू ऐकूनच नाई राह्यली."

मला बोलता आलं असतं, तर तिथेच ओरडलो असतो! ताई चार पावलांवर खुर्चीत वही घेऊन बसल्या होत्या. त्यांना यातलं अक्षरही ऐकू गेलं नाही.

अविनाशने कर्ज काढून फ्लॅट एकट्याने घेतला. परत येताना तो बहिणीशी बोलला नाही. पुढे फोनही बंद केला. भाऊबीजेला ताईंनी संध्याकाळपर्यंत ताट तयार ठेवलं. "काऊन नसन आला?" त्या विचारत राहिल्या. सर पेपर वाचत राहिले. तोच पेपर, तेच पान.

आणि या गृहस्थांनी पुढच्या महिन्यात काय करावं? मला काढून पुन्हा टेबलावर ठेवलं! आता जॉर्जिया नावाच्या देशातले फ्लॅट स्वस्त आहेत म्हणे!

त्याच दुपारी ताई खामगावच्या एका लग्नाहून परतल्या. तिथे भावजयीने त्यांना चारचौघांत ऐकवलं होतं. ताईंनी पिशवी खाली ठेवली.

"माह्या भावाले तुमी काय सांगतलं होतं?"

सरांनी मला हळूच बाजूला सरकवलं.

"मी नाई म्हनलं? मी?"

"मले भेव वाटला, शरयू," सर खाली मान घालून म्हणाले. "सगळा पैसा एका जागी, तोही परमुलखात. पन तुह्या भावासमोर भेलो म्हनाची लाज वाटली."

"आन माह्यं नाव सांगाची नाई वाटली?"

अविनाश या घरातले फोन उचलत नव्हता, म्हणून सरांनी शेजाऱ्याचा मोबाइल मागून आणला आणि माझ्यासमोर बसून नंबर लावला.

"अविनाश, सुधाकर बोलतो. 'नाई' हे मी म्हनलं होतं. तुह्या बहिनीनं नाई."

पलीकडून अविनाश म्हणाला, "चार महिने झाले, फ्लॅट रिकामा आहे, भाऊजी. खरं सांगू? तव्हा मलेही नाईच म्हनाचं होतं. तुमी ताईचं नाव सांगून सुटले. मी कोनाचं सांगू?"

ताईंनी फोन ओढून घेतला. "रविवारी सगळे कागद घेऊन ये. जेवाले इथंच."

रविवारी अविनाश आला. भाडं उतरवून नवा भाडेकरू पाहायचा आणि वर्षभर वाट पाहायची, असं ठरलं. यातून फायदा होईल की तोटा, हे तिघांनाही माहीत नाही, मलाही नाही.

माझी अजून आठ वर्षं उरली आहेत. सर, हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं, घर घ्या नाहीतर नका घेऊ. पण घाबरलात तर 'मी घाबरलो' एवढे दोन शब्द स्वतःच बोला. नाहीतर मला कपाटातच राहू द्या.