बाजाराच्या दिवसाची सुट्टी

प्रतीक्षाने सुट्टी जाहीर करून टाकली, तेव्हा तिला वाटलं, महिनाभरात आज पहिलं धड काम झालं.

गावातल्या संत्रावाल्यांनी मिळून काढलेल्या कंपनीची ती नवी व्यवस्थापक. शेडमध्ये संत्री निवडणाऱ्या बायांना सुट्टी रविवारी, आणि सोनाळ्याचा आठवडी बाजार भलत्याच दिवशी. "पुढच्या आठवड्यापासून सुट्टी बाजाराच्या दिवशी," ती शेडच्या मधोमध उभी राहून बोलली. त्यांच्यातल्या गोजरबाईने लगेच एक संत्रं सोलून तिच्या हातावर ठेवलं.

संध्याकाळी अध्यक्ष रंगराव आले. बसलेसुद्धा नाहीत.

"मॅडम, सुट्टी कोणाले इचारून देल्ली?"

"काका, मी व्यवस्थापक आहे ना?"

"हाव, आहात ना! व्यापाऱ्याची गाडी त्याच दिवशी येते. तुम्ही एकट्याच भरसान का? सुट्टी बदलणं संचालकांचं काम. बैठक पुढच्या महिन्यात."

"मग बायांना काय सांगू?"

"आधी जे सांगतलं, ते कोणाले इचारून सांगतलं होतं?"

ते मोटरसायकलकडे निघाले. प्रतीक्षा मागे धावली.

"सुट्टी माझी नाही, कळलं. कामाची वेळ कोणाची?"

"वेळ तुमची. गाडी भरली म्हंजे झालं."

रात्रभर तिने कूस बदलली. सकाळी बायांपुढे उभी राहिली.

"सुट्टी द्यायचा अधिकार मला नव्हता. न विचारता बोलले. चूक माझी."

"म्हंजे आमचं संत्रं फुकट गेलं वं माय!" जनकाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. गोजरबाई तेवढी हसली नाही.

"मी लेकीले सांगून बसली. नातीले घेऊन येऊन राह्यली ते बाजारात. आता तिले काय सांगू?"

"त्या दिवशी उजाडताच कामाला या. दुपारी मोकळं करते. वेळ माझ्या हातात आहे."

"अन् मजुरी?"

'थोडी जास्तच देऊ,' प्रतीक्षाच्या अगदी ओठावर आलं. तिने ते गिळलं. "तास तेवढेच, मजुरी तेवढीच. त्यापुढचं मला बोलता येत नाही."

"पाहू," म्हणत बाया संत्री निवडायला बसल्या.

बाजाराच्या दिवशी ती अंधारातच शेडवर आली. गाडी उभी, ड्रायव्हर बिडी ओढत बसलेला. ती फाटकापर्यंत जाई, रस्ता बघून परत येई. एकदा वाटलं, रंगरावांना फोन करावा. पण सांगणार काय? मग जनकाबाईचा आवाज आला, आणि मागून बाकीच्या. सगळ्यांत शेवटी गोजरबाई.

दुपारी शेवटचे क्रेट चढत होते, तोच रंगराव आले.

"वा! काम तं लवकर झालं. आता बाया हाताशी हायेत, उद्याचा मालही निवडून घ्या."

बायांचे हात थांबले. प्रतीक्षा पुढे आली.

"काका, सुट्टी तुमची, वेळ माझी. तुम्हीच म्हणालात."

रंगरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "म्हटलं खरं," ते म्हणाले.

बाया पिशव्या घेऊन निघाल्या. गोजरबाई बाजूला काढलेल्या संत्र्यांच्या ढिगापाशी थांबली.

"मॅडम, नातीसाठी एक संत्रं नेऊ? का हेबी बैठकीत इचारा लागते?"

प्रतीक्षा 'न्या' म्हणणारच होती. थांबली. रंगरावांकडे बघितलं.

"काका?"

"ने वं, ने," रंगराव म्हणाले, "चांगलं पाहून घे."