मडगार्डवरचा पोचा

साहेब पडद्यावर गाडी दरीवरून उडवायचे, जळत्या पुलावरून न्यायचे, एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं नायिका सांभाळायचे. प्रत्यक्षात त्यांना गाडी चालवता येत नव्हती. नुसतं रिव्हर्स गिअर म्हटलं तरी घाम फुटायचा. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती: एक साहेब आणि दुसरे त्यांचे ड्रायव्हर, सावकाशकाका. तिसरा वर बसलेला, पण तो कुणाच्या चुगल्या करत नाही.

जन्मभर गाडी एकाच संथ चालीनं हाकल्यामुळे काकांना हे नाव पडलं होतं. साहेबांनी जाण्याआधी आपली जुनी गाडी काकांच्याच नावावर करून दिली. आता काकूंचे गुडघे कुरकुरू लागले होते, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. गाडी विकायची आणि तळमजल्यावर घर घ्यायचं, असं दोघांनी ठरवलं.

जुन्या गाड्यांची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर आला तो पांढरे हातमोजे घालूनच. नवरीमुलगी बघायला यावं तसा गाडीभोवती फिरला.

"काका, नुसती जुनी गाडी म्हणून विकली, तर भंगारापेक्षा जरा बरा भाव येईल. साहेबांची म्हणून विकली, तर वीसपट!"

"अहो, पण पत्रा तोच ना?" काकूंनी विचारलं.

"पत्रा तोच, पण त्याला साहेब टेकलेत."

"एकदा आमच्या सोफ्यावरही टेकले असते, तर काय बिघडलं असतं!" काकू हळहळल्या.

व्हॅल्युअरनं मागची सीट दाबून पाहिली. "डावीकडचा हा खळगा साहेबांचा?"

"हो. उजवीकडचा त्यांच्या कुत्र्याचा."

"कुत्र्याचाही चालेल. थोडा कमी धरू." मग पुढची सीट पाहून त्यानं तोंड वाकडं केलं. "इथे तुम्ही बसायचात? मग हिची घट धरावी लागेल."

"म्हणजे कुत्र्याला भाव आणि माझ्या नवऱ्याला घट?"

"बाजारच तसा आहे, काकू."

तेवढ्यात त्याला पुढच्या मडगार्डवरचा पोचा दिसला.

"तो यांचा प्रताप," काकू लगेच म्हणाल्या. "जन्मात एकदाच ठोकली, तीही साहेबांच्या बंगल्याच्या फाटकावर. एवढं मोठं फाटक दिसलं नाही यांना!"

काका नेहमीसारखे नुसते हसले.

खरं असं होतं, की त्या दुपारी साहेबांना हुक्की आली. "एकदा बसू दे रे," म्हणाले, बसले आणि थेट फाटकावर गेले. बाहेर चाहत्यांची गर्दी. धडक बसल्याबरोबर साहेब मागच्या सीटवर पोचले. तेवढी चपळाई त्यांनी कुठल्याच सिनेमात दाखवली नव्हती. "ड्रायव्हर नवा आहे," असं त्यांनी काच खाली करून सांगितलं. दहा वर्षं चाकरी झालेले काका मान खाली घालून उभे राहिले. संध्याकाळी साहेबांनी त्यांचे हात धरले. "हे कुणाला कळलं तर मी संपलो. माझ्या मागेही बोलू नकोस." काकांनी देवाला स्मरून शब्द दिला.

व्हॅल्युअर पोच्यावरून बोट फिरवत होता. पोरगा हुशार होता.

"काका, तुमच्यासारखा माणूस उभ्या फाटकावर कसा ठोकेल? साहेबांनी ठोकली का? तसं असेल तर सोनंच आहे हे! साहेबांच्या हातची धडक! माझं गिऱ्हाईक दुप्पट मोजेल. तुम्ही ठोकली असेल, तर मात्र कापावे लागतील."

काकांनी खिशातून फडकं काढलं आणि लखलखीत बॉनेट पुन्हा पुसायला घेतलं. खोटं त्यांच्या जिभेवर कधी आलं नव्हतं आणि खरं बोलायला देवाची आडकाठी होती. त्यांची नजर काकूंच्या गुडघ्यांकडे गेली. "हो" म्हटलं की तळमजला.

"सांगा ना, काका. साहेबांनीच ना?"

काकांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"मी ठोकली," काकू म्हणाल्या.

"तुम्ही? तुम्हाला गाडी येते?"

"येत नाही म्हणूनच ठोकली."

"पण आत्ताच तर तुम्ही काकांचं नाव…"

"आपल्या चुकीचं खापर नवऱ्यावर नाही फोडायचं तर कुणावर? लग्न झालंय का तुझं?"

"नाही."

"मग तुला नाही कळायचं. काप काय कापायचं ते."

व्हॅल्युअरनं सुस्कारा सोडला, कापायचं ते कापलं आणि हातमोजे काढून गेला.

बराच वेळ काका फडक्याची घडी घालत राहिले. "अगं, खोटं बोललीस तू."

"बोलले. देवानं विचारलं तर सांगेन, यांचं तोंड अडलं होतं, म्हणून माझं दिलं."

"तुला कधीपासून कळलं होतं?"

"इतकी वर्षं टोमणे मारतेय. खरंच तुम्ही ठोकली असती, तर एकदा तरी माझ्यावर खेकसला असतात. आणि हे बघा, कुणी ठोकली ते मला सांगू नका. मी विचारलेलं नाही."

काकांनी घडी केलेलं फडकं खिशात ठेवलं. "आता तळमजला नाही गं जमायचा. फार तर पहिला."

"पहिला तर पहिला," कमरेवर हात ठेवत काकू म्हणाल्या. "तिथून पडले तरी हाडं आपली आपल्याला वेचता येतील."