पायऱ्या पळाला, मिटलं

ऑगी पेल्टियरचा जबडा मोडला तो पिझ्झाच्या रांगेत. मैदानावर नाही, मारामारीत नाही. रांगेत! कॉलेजच्या फुटबॉल टीमचा हिरो कोल्बी हार्टविग दुकानात शिरला आणि सरळ पुढं जाऊन उभा राहिला. ऑगी म्हणाला, "भाऊ, रांग मागून आहे." एवढंच बोलला बिचारा. कोल्बीनं वळून एक ठोसा दिला, ऑगी खाली. मग कोल्बीनं पिझ्झा घेतला आणि गेला. पिझ्झा घेऊन गेला हो!

लाइल ओस्टगार्ड हा कॉलेजच्या बँडचा मास्तर. केस पांढरे, आवाज फाटका, तोंडात कायम शिवी, पण पोरांवर जीव. ऑगी त्याचा मुख्य ट्रम्पेटवाला. ट्रम्पेट फुंकायला ओठ लागतात, दात लागतात. लाइल दवाखान्यात गेला तर पोराचे दात तारेनं एकमेकांना बांधलेले, ओठ शिवलेला, आणि हा नळीनं सूप ओढतोय. मास्तरला बघून हसायला गेला आणि कळवळला.

लाइल तिथनं तडक कोचकडं. कोच रॉय टिबेट्स त्याच्याच गल्लीतला. हिवाळ्यात दोघं एकमेकांच्या दारातला बर्फ काढायचे.

"रॉय, कुठाय ते पोरगं?"

"कुठलं?"

"माझ्या पोराचं तोंड फोडलं ते."

"अरे बस की जरा. झालं ते. सकाळीच पायऱ्या पळवल्या त्याला. ओकेपर्यंत पळवला. मिटलं."

इथली रीतच अशी. खेळाडूनं कुणाची गाडी फोडली, वर्गात शिव्या दिल्या, काहीही केलं, की कोच त्याला स्टेडियमच्या पायऱ्यांवर वर-खाली पळवणार. पळून झाला की पाटी कोरी. न्हाव्याकडं बसा नाहीतर चर्चबाहेर उभे राहा, सगळीकडं हेच ऐकाल: "पळाला ना तो? मग आता काय?"

"पायऱ्यांनी ऑगीचा जबडा जुळला काय रे?" लाइल म्हणाला.

"लाइल, शनिवारी नदीपलीकडच्या कॉलेजशी सामना आहे. कोल्बी नसला तर मेलो आपण. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"कुठल्या पोराच्या?"

कोचनं शिट्टी गळ्यात अडकवली. "हे बघ, बँड ऐकायला कुणी तिकीट काढत नाही. जा, ढोल वाजव."

लाइलच्या डोक्याची शीर उडायला लागली. पण त्यानं हात खिशात ठेवले. तसाच तो डीनबाईंकडं गेला. मिसेस व्हिटकॉम गोड बोलल्या, कॉफी दिली, "आम्ही नक्की लक्ष घालतो" म्हणाल्या.

ऑगीची आई रोझली शाळेची बस चालवते. लाइल परत दवाखान्यात आला तेव्हा ती बस उभी करून तशीच आलेली, अंगात अजून पिवळं जॅकेट.

"मी पोलिसात चालले," ती म्हणाली.

"थांब जरा. डीनबाईंनी शब्द दिलाय. कॉलेजनं स्वतः त्या पोराला सामन्याबाहेर बसवलं तर सगळ्या गावाला कळेल. पोलिसात गेलीस तर तुलाच नावं ठेवतील."

"तू म्हणतोस म्हणून थांबते, लाइल. त्यांच्यासाठी नाही."

आठवडा गेला. कुणी लक्ष घातलं नाही. शनिवारी स्टेडियमवर कोल्बीचा फोटो लागला, बसच्या उंचीचा, दात दाखवणारा. सगळे दात शाबूत.

आता इथं पहिला टचडाऊन ज्यानं केला, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांची शेवटची रेषा पार केली, तो बँडसमोरच्या शिडीवर चढतो, मास्तरची काठी हातात घेतो आणि कॉलेजचं गाणं वाजवून घेतो. बाप मुलाला खांद्यावर घेऊन ते दाखवतो. लग्नात सुद्धा लोक त्याचे किस्से सांगतात.

सामन्याआधी लाइल पोरांना म्हणाला, "मी आज ते गाणं वाजवणार नाही. तुम्हाला वाजवायचं तर वाजवा, मी रागावणार नाही."

ट्युबावाली जून म्हणाली, "सर, आमचं कालच ठरलंय. नाही वाजवायचं."

"मला न विचारता?"

"तुम्ही नको म्हणाला असतात तर?"

"भवाने," लाइल म्हणाला, आणि नाक पुसायला वळला.

व्हायचं तेच झालं. पहिला टचडाऊन कोल्बीचाच. लोक उठले, पाय आपटले. कोल्बी धावत आला, शिडीवर चढला, काठी उचलली आणि हवेत फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. सगळ्या पोरांची वाद्यं मांडीवर, नजरा समोर.

आधी लोकांना वाटलं काही गंमत आहे. मग हुर्यो सुरू झाली. "वाजवा रे, हरामखोरांनो!" वरून पॉपकॉर्न आले, मग गरम चॉकलेटचा पेला आला आणि जूनच्या पांढऱ्या हातमोज्यांवर फुटला. पेला फेकणारा लाइलनं ओळखला. बँकेतला माणूस, दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा.

"वाजवा ना!" कोल्बी शिडीवरून ओरडला. "सर, काय चाललंय?"

"एक ट्रम्पेट कमी आहे."

"मग? बाकीचे आहेत की."

"ऑगीशिवाय नाही वाजत."

"ऑगी कोण?"

लाइल आठवडाभर नुसता धुमसत होता. हे ऐकलं आणि धुमसणंच थांबलं. ह्याला नाव सुद्धा माहीत नाही! कुणी सांगितलं नाही, आणि ह्यानं विचारलं नाही.

"तू रांगेत ज्याचा जबडा मोडलास, तो ऑगी."

कोल्बीचं तोंड उघडं पडलं. मग त्याला राग आला, आणि खरा आला, फसवल्यासारखा. "अहो, पण मी पळालो ना पायऱ्या! कोचनं सांगितलं, मिटलं म्हणून!"

"पळालास तू. घाम तुझा गेला, मांड्या तुझ्या झाल्या घट्ट. त्यातलं ऑगीला काय मिळालं, सांग बघू?"

पोरगं काहीतरी बोलणार होतं. निदान लाइलला तसं वाटलं. पण खालून कोचनं शिट्टी मारली आणि बोलावलेल्या कुत्र्यासारखं ते शिडी उतरून पळालं. पुढं त्यानं आणखी टचडाऊन केले. गाणं एकदाही झालं नाही. सामना जिंकला आणि गाव बँडवर थुंकत घरी गेलं.

सोमवारी डीनबाईंनी लाइलला बोलावलं. कोपऱ्यात कोच बसलेला, बुटांकडं बघत. आज कॉफी नव्हती.

"मिस्टर ओस्टगार्ड, तुमचं वर्तन कॉलेजला शोभणारं नव्हतं. या हंगामापुरतं तुम्हाला बँडवरून काढलंय. आजपासूनच."

लाइल हसला. आधी हळू, मग बाहेरच्या कारकुनाला ऐकू जाईल असा.

"म्हणजे येते तर तुम्हाला शिक्षा करायला! मला वाटलं, तुमच्याकडं ती सोयच नाही."

"यात हसण्यासारखं—"

"नाही हो मॅडम, एक विचारतो. मी पण पायऱ्या पळू का? गुडघे गेलेत, पण रॉय सोबत असला तर बसत-उठत चढेन. मग मिटेल ना?"

"हा शिस्तीचा प्रश्न आहे," बाई म्हणाल्या.

"अच्छा. आणि जबडा कशाचा प्रश्न आहे?"

 कोच म्हणाला, "लाइल, घरी जा. संध्याकाळी येतो मी."

"माझ्या दारात पाय ठेवलास तर बघ, रॉय. यंदा तुझा बर्फ तू काढ."

तो बाहेर पडला आणि सरळ बसच्या आगारात गेला. रोझली शेवटची फेरी संपवून काचा पुसत होती. त्याचा चेहरा बघूनच तिनं फडकं टाकलं.

"काढलं तुला?"

"काढलं. तू थांबलीस ते माझ्या सांगण्यावरून. मी गाढव. चल आता."

"मी शुक्रवारीच जाणार होते," ती म्हणाली. "तुझं तोंड बघून राहिले. पुन्हा मला थांब म्हणू नकोस, कुणासाठीच."

"नाही म्हणत."

ठाण्यात टेबलामागं एक तरुण पोलीस बसलेला. तिनं काय झालं ते सांगितलं. त्यानं मान हलवली, फार वाईट वाटल्यासारखी, आणि फोनकडं हात नेला.

"मावशी, कोचशी बोललात का आधी? मी लावून देतो."

लाइल पुढं सरकला. रोझलीनं त्याला हातानंच मागं सारलं. फोन उचलून तिनं टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. मग खुर्ची ओढली आणि पिवळ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून त्याच्या समोर बसली.

"बोलले असते," ती म्हणाली, "पण माझं पोर त्याच्या टीममध्ये नाही. लिही."