बाईंची काळी पाच

मुलाखत घ्यायला कोणी आलं की बाई तीन गोष्टी हमखास सांगत. एक, आपण नटी झालो तो निव्वळ अपघात. दोन, आपल्याला प्रसिद्धीची हौस कधीच नव्हती. तीन, पहिल्या प्रयोगापासून आजतागायत आपण काळी पाचमध्येच गातो. पहिली गोष्ट खरी होती. दुसरी कोणी लिहूनच घेत नसे. तिसरी सुरू झाली की आतल्या खोलीत बाईंच्या नवऱ्याला खोकला येई, आणि पाहुण्याला वाटे, वय झालं बिचाऱ्यांचं.

नवऱ्याला सगळी कंपनी मास्तर म्हणे. ते ऑर्गन वाजवत. रंगमंचाच्या पुढ्यात चार पायऱ्या उतरून एक खड्डा होता, त्यात ऑर्गन, व्हायोलिन आणि ताल असा तिघांचा संसार. तिथून मास्तरांना बाईंची पावलं आणि हनुवटी एवढंच दिसे. चौतीस वर्षं त्यांनी एवढ्यावर भागवलं होतं. कंपनीत ते तिला 'बाई' म्हणत आणि ती त्यांना 'मास्तर'. घरी आल्यावर चपला काढताकाढता 'अहो' आणि 'अगं' सुरू होई.

अपघाताची हकिकत अशी. बाईंची आई कंपनीचे पोशाख शिवायची. आरसा कोणाच्या खोलीत लावायचा यावरून तेव्हाची नायिका मालकांशी भांडून निघून गेली, तीही प्रयोगाला दोन दिवस असताना. नवे पोशाख शिवून तयार होते आणि ते गावात एकाच मुलीला बसत होते, कारण आईने माप पोटच्या पोरीच्या अंगावर धरून शिवले होते. अशी भूमिका मिळाली. पोरगी गातेही, हे मालकांना दुसऱ्या अंकात कळलं.

पुढे तीन चित्रपट झाले. पहिल्यात बाईंचा चेहरा होता आणि आवाज दुसरीचा. दुसऱ्यात आवाज बाईंचा आणि चेहरा दुसरीचा. तिसऱ्यात दोन्ही बाईंचं होतं, फक्त प्रेक्षक नव्हते. बाई नाटकात परत आल्या आणि 'रंगभूमीची ओढ' हा शब्द त्यांच्या बोलण्यात आला. मानपत्रं अकरा मिळाली. त्यांतल्या चारांवर नाव चुकलेलं. नाटक मात्र एकच, आणि भूमिकाही तीच: अठरा वर्षांची अल्लड मुलगी, जिला लग्न करायचं नाही. बाई आता त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि लग्न न करण्याचा त्यांचा निर्धार दर शनिवार-रविवारी पूर्वीइतकाच पक्का होता.

आता काळी पाच. ऑर्गनच्या पाचव्या काळ्या पट्टीवर 'सा' धरला की गाणं तिथून चढतं. तरुण आवाजाला ते झेपतं. बाईंना बत्तिसाव्या वर्षापर्यंत झेपलं. मग एका रविवारी शेवटच्या पदातला वरचा सूर फाटला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, पण टाळ्या कशासाठी आहेत ते नटीला कळतं. घरी येऊन बाई तीन दिवस बोलल्या नाहीत. हा प्रकार मास्तरांच्या संसारात एकदाच घडला आणि त्यातला आराम त्यांना तेव्हा भोगता आला नाही, कारण चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, मी गाणं सोडते, आईची शिवणाची मशीन अजून चालते.

कंपनी दर वर्षी सहा आठवडे बंद असे. सुट्टीनंतरच्या पहिल्या तालमीला मास्तरांनी 'सा' शेजारच्या पट्टीवर धरला, पांढरी सहावर. अर्धाच सूर खाली. व्हायोलिनवाल्याने भुवई उचलली, मास्तरांनी डोळे मिटले, आणि व्हायोलिनवाल्याने मुकाट्याने खुंट्या पिळल्या. बाई गायल्या. तो वरचा सूर लख्ख लागला. "सुट्टी मानवली मला," त्या म्हणाल्या.

त्यानंतर सुट्टी त्यांना अजून चारदा मानवली. सदतिसाव्या वर्षी काळी चार, बेचाळिसाव्या वर्षी पांढरी पाच, मग काळी तीन, आणि पन्नाशीला पांढरी चार. एका वेळी अर्धाच सूर, आणि तोही सहा आठवड्यांच्या विश्रांतीनंतर, कानाला जुना सूर विसरायला वेळ देऊन. खड्ड्यातल्या तिघांचा हा कट, आणि तिघांनाही त्यातून काही मिळत नव्हतं. असे कट फार टिकतात. वाद्याला हात लावणं हे वादकाचं काम, असं बाईंचं तत्त्व होतं. त्यामुळे घरच्या ऑर्गनवर त्यांनी कधी बोट ठेवलं नव्हतं. एकदाच कोणीतरी पहिल्या वर्षाची तबकडी वाजवली आणि बाई चमकल्या, हे इतकं उंच कसं? मास्तर म्हणाले, जुनी यंत्रं जलद फिरायची. तेव्हापासून बाई पाहुण्यांना तेही समजावून सांगत. जुन्या यंत्रांचं त्यांचं ज्ञान ऐकून लोक थक्क होत.

या सुखाच्या संसारात भाची आली. बाईंच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, वय बावीस, कंपनीत नाव पडलं 'धाकटी'. नायिकेच्या मैत्रिणीची जागा रिकामी झाली होती आणि परक्या पोरीपेक्षा रक्ताचं माणूस बरं, असं म्हणून बाईंनीच तिला आणलं. रक्ताच्या माणसाला पाण्याचा पेला आणून दे म्हणता येतं, हेही होतंच.

दोघी मैत्रिणींचं एक जोडगाणं होतं. त्यात वरची ओळ नायिकेची, खालची मैत्रिणीची. चौतीस वर्षांपूर्वी ज्याने ते बांधलं त्याने काळी पाच धरून बांधलं होतं. आता सगळंच अडीच सूर खाली आलेलं, त्यामुळे बाईंची ओळ बाईंना मऊ गादीसारखी आणि धाकटीची ओळ थेट तळघरात. बावीस वर्षांची पोरगी विहिरीत वाकून बादली शोधावी तशी सूर शोधी. तिच्या आधीच्या मैत्रिणीही तशाच शोधत आणि वर्ष-दोन वर्षांत गळत. पेपरात परीक्षण आलं: 'बाईंचा सूर काळालाही न जुमानणारा, सोबतच्या तरुण नटीने मात्र त्यांच्याकडून अजून पुष्कळ शिकावं.' बाईंनी ते कापून रंगपटाच्या भिंतीवर लावलं, धाकटीच्या आरशाजवळ, तिला शिकायला सोपं जावं म्हणून.

"मावशी, हे मला फार खाली जातंय," धाकटी एकदा म्हणाली.

"खाली जातंय की तू खाली जातेस? मी याच काळी पाचमध्ये तुझ्या वयाची असताना गायले. रियाज कर."

धाकटीने रियाज केला. बिचारी घरी खऱ्या काळी पाचमध्ये करत होती आणि तिथे सगळं छान बसत होतं. तीन महिने तिला वाटलं, आपण रंगमंचाला घाबरतो. मग एका दुपारी ती तालमीला लवकर आली, खड्ड्यात उतरली आणि मास्तर वाजवत होते तेव्हा त्यांच्या बोटांकडे पाहत उभी राहिली.

"काका, ही पांढरी चार आहे."

मास्तरांनी आधी खोकून पाहिलं. ते पुरलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, बत्तिसाव्या वर्षापासून, शिवणाच्या मशीनसकट. धाकटी म्हणाली, मी मावशीला सांगणार नाही. आणि तिने खरंच सांगितलं नाही. घरातल्या बायकांत ही एक नवीनच गोष्ट होती.

पण मौन राखून तळघरातले सूर लागत नाहीत. तिसरं परीक्षण आलं तेव्हा बाईंनी मालकांना बोलावून घेतलं. पोर गुणी आहे, पण गळा नाही. माझीच भाची आहे म्हणून मी डोळे झाकणार नाही. हिला मोकळी करा. मालकांना सुरातलं काही कळत नसे, पण भाचीला काढताना उद्या नातलगांत बोभाटा नको, म्हणून ते म्हणाले, एकदा समोर ऐकू आणि ठरवू.

मंगळवारी दुपारी तालमीच्या वेळी मालक पहिल्या रांगेत बसले. मागे सुतार पडद्याची चौकट ठोकत होता. बाई रंगमंचावर खुर्ची टाकून बसल्या आणि धाकटी मधोमध उभी राहिली, घडी घातलेल्या छत्रीसारखी.

"खालचं हिला येत नाही ते तुम्ही ऐकलंच आहे," बाई मालकांना म्हणाल्या. "आज माझं शेवटचं पद गाऊ दे हिला. वर तरी काही आहे का ते कळेल. मास्तर, काळी पाच द्या."

मास्तरांच्या आयुष्यात निर्णय असे फार आले नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी 'काळी पाच द्या' हे ऐकून जे द्यायचं ते दिलं होतं. आज पांढरी चार दिली तर पोरगी त्या खालच्या पट्टीत घोगरी लागणार, संध्याकाळपर्यंत तिची पेटी आवरून होणार, आणि नंतर तोंड न उघडल्याचं हे बक्षीस ती आपल्या आईला सांगणारही नाही. काळी पाच दिली तर... त्यांनी पुढचा विचार केला नाही. बोटं उचलून उजवीकडे नेली. व्हायोलिनवाला घाईघाईने खुंट्या पिळू लागला.

धाकटीने सूर ऐकला आणि खड्ड्याकडे पाहिलं. मास्तर पट्ट्यांकडे पाहत होते. ती गायली.

मालकांना सूर कळत नसे, पण गर्दी कळत असे. पहिल्या कडव्याला सुताराचा हातोडा थांबला. दुसऱ्या कडव्याला तिकीटखिडकीवरची बाई दारात येऊन उभी राहिली, हातात पावतीपुस्तक तसंच. वरच्या सुरावर धाकटी गेली आणि तिथे जरा रेंगाळली, घरी यावं तशी. मालकांनी दाराकडे वळून पाहिलं, मग सुताराकडे, आणि मग सरळ बसले.

"पट्टी चढी दिलीत," बाई म्हणाल्या.

"नाही," मास्तर म्हणाले. "काळी पाचच आहे."

"मग मी कशात गाते?"

बाई खुर्चीवरून उठल्या. चार पायऱ्या उतरायला त्यांना वेळ लागला. चौतीस वर्षांत त्या खड्ड्यात कधी आल्याच नव्हत्या. मास्तरांच्या मागे उभ्या राहून त्यांनी पाहिलं. मास्तरांनी एक बोट काळी पाचवर ठेवलं आणि दुसरं, सावकाश, पांढरी चारवर. बाई वाकल्या आणि त्या दोन बोटांमधलं अंतर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्यांवरून पाऊल मोजावं तसं त्यांनी तर्जनीने मोजलं. पाच पावलं. व्हायोलिनवाला आपल्या बुटांची नाडी बांधायला वाकला. बुटांना नाडी नव्हती.

वर मालक विचारत होते, काय झालं, काय झालं.

बाई सरळ झाल्या. पदर सारखा केला. आणि पायऱ्या चढताना त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो अकराही मानपत्रांच्या फोटोंत होता.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "पोरीला सोपं जावं म्हणून मीच पट्टी खाली घ्यायला सांगितली होती. मोठ्यांनी खाली उतरायचं असतं. पण आता हिचा गळा उघडला आहे, तेव्हा हिला हिच्या जागी गाऊ द्या. नायिका हीच करेल. मी आई करते. तशीही त्या आईच्या कामात आजवर जीव नव्हता."

मालकांनी हात जोडले. त्याग त्यांना फार आवडे, विशेषतः दुसऱ्याचा, आणि आठवड्याच्या आत त्याची जाहिरात छापून आली. धाकटी मावशीच्या पाया पडायला वाकली तेव्हा मावशीने तिला वरच्या वर धरलं आणि कानात सांगितलं की शेवटचा सूर फार ताणलास, तिथे झुलत बसायचं नसतं. ते बरोबरही होतं.

घरी येईपर्यंत बाई बोलल्या नाहीत. मास्तर तीन दिवसांचा हिशेब धरून चालले होते. त्यांनी मनातल्या मनात पहिला दिवस मोजायलाही घेतला. पण चपला काढताकाढताच बाई म्हणाल्या:

"अहो, किती वेळा?"

"पाच."

"पहिली केव्हा?"

"तू मशीनचं बोललीस त्या वर्षी."

बाई आत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला. मास्तर दारातच उभे होते, एक चप्पल पायात, एक बाहेर. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात आईच्या भूमिकेची वही होती. त्या आईला एकच पद होतं, आणि ते आजवर कोणी नीट म्हटलं नव्हतं, कारण तेवढ्या वेळात प्रेक्षक खोकून घेत.

घरच्या ऑर्गनपाशी त्या उभ्या राहिल्या. मास्तर बसले, भाता भरला आणि बोटं अधांतरी धरून थांबले. कुठे ठेवायची हे आता त्यांनी ठरवायचं नव्हतं.

बाईंनी वाकून पट्ट्या नीट पाहिल्या. मग एकीवर स्वतः बोट ठेवलं. काळी दोन. पांढरी चारच्याही दोन पट्ट्या खाली.

"अगं, एवढं खाली?"

"आई आहे मी तिची," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी उतरवायची असेल तेव्हा मला आधी सांगायचं. वाजवा."

मास्तरांनी सूर दिला. बाई गायल्या. पद संपलं तेव्हा मास्तरांना खोकला आला, आणि तो खरा होता. बाईंनी त्यांना पाण्याचा पेला आणून दिला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या.