चौकीवरच्या म्हातारीचा आवाज

आमच्या आत्याने मारुतीला रोडगे कबूल केले होते, आणि तेही आमच्यासाठी. आधी कळलं असतं तर मी तिचे पाय धरले असते, की बाई, तुझा नवस तुझ्यापाशीच ठेव. पण सुभद्रा आत्याला कोण अडवणार? "पोरायचा गेम दुकानात लागला की भातकुलीच्या मारुतीले रोडगे," असं ती बोलून बसली. गेम लागला आणि तिने अख्ख्या गल्लीला आवतण देऊन टाकलं.

फोन आला तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ शिवम अकोल्यात, जुन्या शहरातल्या आमच्या माडीवर काम करत बसलो होतो. "तुहे मामा टीव्ही देवळातच आनून ठेवतो म्हन्तेत," आत्या सांगत होती. "जेवायच्या आंदी सगळ्यायले माहा आवाज आयकवजो, पौर्णिमा. गल्लीतल्या पुंजारामले त खरंच वाटून नाई राह्यलं."

मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. शिवम म्हणाला, "आता?"

आता काय, कप्पाळ! गेममध्ये आत्याचा आवाजच नव्हता. मीच तो काढून टाकला होता.

'सातवा दरवाजा' हा आम्हा भावंडांचा पहिला गेम. चिखलदऱ्याकडच्या डोंगरात शोभेल असा एक पडका किल्ला, त्यात वाट शोधणारी एक पोरगी आणि पायथ्याच्या चौकीवर बसलेली एक म्हातारी. पुढची वाट ती म्हातारीच सांगते, पण सरळ नाही. आधी झापते, मग सांगते. तिच्यासाठी आत्याशिवाय दुसरं कोणी आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तिच्या धान्याच्या खोलीत चारी बाजूंनी वाकळा टांगून आम्ही रेकॉर्डिंग केलं. शिवमने लिहिलेले संवाद तिने एकदा ऐकले, "असं कोनी बोलते काय बे?" म्हणाली, आणि मनचंच बोलत सुटली. खेळणारा चुकीच्या दाराशी गेला की ओरडायची, "अबे, डोळे हायत का बटनं?" शिवम हसून हसून पोत्यांवर लोळला. बाहेरून आत्याचे यजमान खुशालराव मामा विचारत होते, "कोनावर तापली व?"

मग गेम दुकानात लावायची वेळ आली. आता हे दुकान म्हणजे काही गल्लीतलं नाही. इंटरनेटवरून गेम विकत घ्यायचा आणि उतरवून घ्यायचा, तसलं. तिथे प्रत्येक गेमच्या पानावर भाषांचा तक्ता असतो. पडद्यावरची अक्षरं कोणत्या भाषेत, आवाज कोणत्या भाषेत, ते खूण करून सांगायचं. मराठी आवाजापुढे खूण करताना माझा हात थांबला. हे पान कुठेकुठे दिसणार! पुण्यातली पोरं 'मराठी' निवडतील, आणि त्यांच्या कानावर काय पडेल? डोळे हायत का बटनं!

मी पुण्यात शिकले. तोंड उघडलं की होस्टेलच्या मुली म्हणायच्या, "अजून एकदा बोल ना, किती गोड!" गोड म्हणजे काय ते मला चांगलं कळत होतं. सहा महिन्यांत मी माझी जीभ घासूनपुसून लख्ख केली.

शिवम म्हणाला, "ताई, गेमच्या आत दोन पर्याय दे ना. एक मराठी, एक वऱ्हाडी. ज्याले जे पाह्यजे ते निवडंन."

"दोन मराठी कशाला?" मी खेकसले. "लोकांना वाटेल, यांना एकही धड येत नाही."

खरं सांगते, कोणी एका शब्दाने काही म्हटलं नव्हतं. पुण्याहून कोणाचा फोन नव्हता, दुकानवाल्यांना काही पडलेली नव्हती. कोणी हसायच्या आधीच मी लाजून मोकळी झाले. पुण्याची एक आवाज देणारी बाई गाठली. तिने सगळं छान, स्वच्छ बोलून पाठवलं. बटनांच्या जागी आलं, "अरे बाळा, नीट बघ बरं." आत्याला सांगू, आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिले, आणि मधेच हे रोडगे!

तोड शिवमने काढली. आत्याच्या आवाजाची जुनी फाइल लॅपटॉपवर होती. तीच टीव्हीला जोडायची, सगळ्यांना ऐकवायची, जेवायचं आणि निघायचं. मला हायसं वाटलं. लबाडीत हायसं वाटतं, ही माझी लायकी.

आत्याच्या गावी, भातकुलीला पोचलो तर देवळामागे गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजणं चाललं होतं, वांग्याच्या भाजीचा वास रस्त्यापर्यंत आला होता. आत्या नवं लुगडं नेसून सभामंडपात सगळ्यात पुढे बसली होती. मी लॅपटॉप काढायला गेले, तर आत्याच्या शेजारचा नितेश म्हणाला, "राहू द्या ताई, मी घरचा कॉम्प्युटर आनून जोडला ना. गेम बी उतरवून ठेवला."

"कुठून?"

"दुकानातून! इकत घेतला. आपल्या घरच्या पोरायचा गेम, फुकटात काहून पाहाचा?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शिवम म्हणाला, "आमच्यापाशी आहे ना, तो लावू." पण तोवर नितेशने भाषांची यादी उघडली होती. इंग्रजी, हिंदी आणि खाली 'मराठी' दिसल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने मागे वळून पुंजारामकडे पाहिलं, पाहिलंस का आता, अशा थाटात. हाच क्षण होता. वाकून तिच्या कानात सांगायला मला एवढंसं पुढे सरकावं लागलं असतं. मी जागची हलले नाही.

नितेशने गेममधल्या पोरीला मुद्दाम चुकीच्या दाराशी नेलं. सगळे कान टवकारून बसले. चौकीवरची म्हातारी म्हणाली, "अरे बाळा, नीट बघ बरं."

 नितेशला वाटलं काही चुकलं, त्याने पुन्हा दार दाबलं. पुन्हा तेच बाळ आणि तेच बरं. मग पुंजाराम म्हणाला, "सुभद्राबाई, तुमचा आवाज पुन्याले जाऊन शिकून आला काय?" आणि मंडपात हशा पिकला.

आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पदर सावरला आणि जोरात म्हणाली, "अबे, तवा माहा गळा बसला होता. मीच म्हनलं पोरीले, दुसरी बाई पाह्य. मी खोकलत खोकलत बोलली असती त चौकी सोडून गेमातले भुतं पळाले असते." आता लोक तिच्या बोलण्यावर हसले. काढा कोणता घेतला, डॉक्टरने काय सांगितलं, सगळं तिने असं रंगवून सांगितलं की क्षणभर मलाच खरं वाटलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्या जिवाची किळस आली.

पंगत बसली. आत्या हातात तुपाचं भांडं घेऊन वाढत होती. माझ्या पत्रावळीवर रोडगा स्वतः कुस्करून तिने वर तुपाची धार धरली.  समोरून पुंजाराम म्हणाला, "पन काई म्हना, गळा बसला थे बरंच झालं. थे बाई कशी शुद्ध बोलते! आपलं गावठी कोन आयकते?"

"होय त," आत्या हसून म्हणाली. "माह्यासारखी अडानी बाई कायले पाह्यजे तठी!"

झालं, माझं डोकं फिरलं. मी भरल्या पानावरून उठले.

"गळाबिळा काही बसला नव्हता!" मी ओरडले. "आत्या माझ्यासाठी खोटं बोलून राहिली. तिने सगळं केलं होतं, त्या बाईपेक्षा दसपट चांगलं. मी काढून टाकलं. तिच्या बोलण्याची मले लाज वाटली, मले!"

भाजीची बादली घेऊन नितेश जिथल्या तिथे उभा राहिला. शिवमने मान खाली घातली. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की आत्या आता मला जवळ घेईल.

ती आली. अगदी जवळ आली, आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तुह्यासाठी नव्हतं बोलली मी. माह्यासाठी बोलली. तू आता गाडीत बसून अकोल्याले जाशीन, मले याच गल्लीत राहाचं हाय. सुभद्रेचा गळा बसला म्हनले असते लोकं, इसरून गेले असते. आता म्हन्तीन, तिच्या सख्ख्या भाचीले तिची लाज वाटते." तिने तुपाचं भांडं दुसऱ्या हातात घेतलं. "झाकलं होतं ना मी? काहून उघडलं व? तुह्या जिवाले हलकं वाटावं म्हनून?"

 ओरडून झाल्यावर मला खरंच हलकं वाटलं होतं.

"बस, जेव. पान टाकून उठू नोको," आत्या म्हणाली, आणि समोरच्या पानावर तूप वाढायला वाकली. ते पान पुंजारामचं होतं. त्याने मान वर केली नाही, आणि पुरे असंही म्हटलं नाही.