रंभाबाईची कंबर

म्हशीसाठी बांधावरचं कडवळ कापून झालं, भारा उचलायला रंभाबाई वाकली, आणि कमरेत अशी उसण भरली की तिला सरळच होता येईना. लेकानं, अमृतनं, शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून तिला करमाळ्याला नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "हाडाला काही झालेलं नाही, स्नायू आखडलाय. काही दिवस जड उचलू नका. पण पडूनही राहू नका. थोडं थोडं चाला. बरं वाटलं की भारे लहान बांधा, उचलताना गुडघ्यात वाका."

अमृत तेव्हा औषधं आणायला गेला होता. घरी आल्यावर रंभाबाईनं सुनेला, वैजयंतीला, निम्मंच सांगितलं. "वाकायचं न्हाय, उचलायचं न्हाय म्हनली."

आठवड्यात कंबर मोकळी झाली. पण खाटेवर आयता चहा येत होता. लग्न होऊन आल्यापासून असा चहा तिनं कधी प्यायला नव्हता. उद्या उठू, उद्या उठू म्हणत तिनं महिना काढला. सून आत आली की ती कण्हायची आणि सून गेली की तिलाच कसंतरी व्हायचं.

एके दुपारी तिला खिडकीतनं दिसलं. वैजयंतीनं गोठ्यापाशी भारा टाकला, दोन्ही हात कमरेवर दाबले आणि भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहिली. मग तोंड पुसून म्हशीकडं वळली.

रंभाबाई उठली ती तडक गोठ्यात गेली.

"बस तू हितं," ती म्हणाली. "कवापासनं दुकतंय?"

"झालं की धा-बारा दिस."

"माजी कंबर कवाच बरी झालीया. पडून ऱ्हाऊ नका म्हनलं हुतं डाक्टरीणबाईनं. म्या सांगितलं न्हाय तुला."

वैजयंती दगडावर टेकली. "मला ठावं हाय, आत्या. परड्यात कोंबडीमागं पळताना बघितलं की तुमाला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमाला कदी बसल्यालं बघितलंच न्हवतं. म्हनलं, बसू द्या."

सुनेनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. रंभाबाईला तिच्याकडं बघवेना. तिनं भारा सोडला, त्याचे दोन केले आणि एक गव्हाणीकडं नेला. दुसरा घ्यायला सून उठायला लागली.

"ऱ्हाऊ दे," रंभाबाई पाठमोरीच म्हणाली. "येते की म्या परत."