मधून ओढणारा ब्रेक

सत्त्याण्णव सालच्या चैत्रात भगवंताचा उजवा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. अंगठा आणि दोन बोटं राहिली. दवाखान्यातून घरी आल्यावर जो तो येऊन म्हणायचा, "जिवावरचं बोटांवर निभावलं, बरं झालं." भगवंत मान हलवायचा आणि हात सदऱ्याखाली सरकवायचा. बरं झालं म्हणणाऱ्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती.

खरं दुखणं पुढेच होतं. भगवंत जुन्नरच्या एका शाळेत शिपाई होता आणि घर गणेश खिंडीच्या पलीकडे, मढच्या रस्त्याला. सकाळी सातची घंटा त्याने द्यायची आणि पहिली एसटी जुन्नरात पोचायची आठाला. त्यामुळे सायकलीशिवाय गत्यंतर नव्हतं. खिंड चढायला पाय लागतात, ते धडधाकट होते. उतरायला मात्र हात लागतात. जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी उतारावर त्याने पुढचा ब्रेक आवळला, दोन बोटांत जोर आला नाही, आणि भगवंत सायकलीसकट करवंदीच्या जाळीत! हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, "घंटा दिवाळीपर्यंत मी देतो. पुढं मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल."

दिवाळीपर्यंत बोटं काही उगवणार नव्हती. भगवंत गप्प गप्प राहू लागला. गणपतीत आरतीला गेला नाही, कारण प्रसादाला उजवा हात पुढे करावा लागतो. बायकोनं, साळुबाईनं, एकदा तो हात तेलानं चोळून द्यायला धरला तर त्याने असा झटक्याने काढून घेतला की बिचारी तेलाची वाटी घेऊन तशीच उठली. त्यानंतर तिनं तो हात कधी धरला नाही.

भाद्रपदात शेवटी तो सायकल हाताने ढकलत महंमद हनीफच्या दुकानात गेला. हनीफभाई बाजारपेठेत तीस वर्षं सायकली दुरुस्त करत होता. बोलायला कमी आणि चहाला पहिला. त्याने भगवंताचा हात बघायला मागितला. भगवंत घुटमळला. हनीफनं हळहळ केली नाही की देवाचं नाव घेतलं नाही. सुताराने लाकूड बघावं तसा हात उलटासुलटा करून बघितला, दोन बोटांत आपला अंगठा दिला आणि म्हणाला, "दाबा. जोरात. हां. जोर हाय की! तुमचा हात नाय बाद, ब्रेक बाद हाय."

पाच महिन्यांत भगवंताला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, म्हणून तो रस्त्याकडे बघत बसला.

हनीफनं जुन्या सामानाची पेटी ओतली आणि गोणपाटावर तीन ब्रेक मांडले. पहिला नवा कोरा, चकचकीत. भगवंताचा डोळा तिथेच गेला.

"त्यो ठेवा बाजूला," हनीफ म्हणाला. "तुमच्याकडं हाय त्याचाच भाऊ. केबल एका बाजूनं ओढती, मग एक रबरी शू चाकाला चिकटतो आन् दुसरा मजा बघतो. एका बैलावर शर्यत व्हती का राव?"

दुसरा ब्रेक चांगला होता, पण त्याचे हात आखूड. शू रिमपर्यंत पोचेनात. तिसरा होता मळकट, काळवंडलेला, पुण्याच्या जुन्या बाजारातून कधीकाळी आणलेला, कुठल्या तरी विलायती रेसर सायकलीचा. त्याच्या दोन्ही हातांना एक आखूड तार बांधलेली आणि त्या तारेला बरोबर मधोमध वरून केबल ओढणार.

"ह्यो जुवासारखा," हनीफ म्हणाला. "मधून ओढायचं. दोन्ही बैल सारखे. कमी जोरात जास्त काम."

"पुढचा ब्रेक डाव्या हाताला दिला तर?" भगवंतानं विचारलं.

"देईन की. पन इतक्या वर्सांची सवय. संकटात हात तुमाला इचारून दाबतो व्हय?"

केबल अडकवायला वरती एक पट्टी लागते, ती पेटीत नव्हती. हनीफनं जाड पत्रा कापून, कानसून ती केली. शूच्या खोबणीची उघडी बाजू मागे घेतली, बंद बाजू पुढे. उलटं बसवलं तर पहिल्याच दाबाला रबर निसटून रस्त्यावर. शूचं पुढचं टोक केसभर आत वळवलं, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. ब्रेकची दांडी हँडलच्या इतकी जवळ आणली की दोन बोटं सहज पोचावीत. मग दोन्ही शू रिमपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत तो एका डोळ्यानं बघत, मधली तार सुतभर इकडे, सुतभर तिकडे करत बसला. दुपार टळली. मागच्या चाकालाही त्याच्याच जोडीचा ब्रेक बसला. शेवटी त्याने रिम सोड्याच्या पाण्यानं धुतली आणि दम दिला, "रिमला तेलाचा थेंब लागता कामा नये. घरी सांगून ठेवा."

आणि त्या मळक्या ब्रेकचं काय द्यायचं म्हटल्यावर म्हणाला, "दसऱ्याला सोनं द्यायला या. वैनींना घेऊन."

दुसऱ्या दिवशी सातची घंटा भगवंतानं दिली. त्या दिवसापासून रोज. उतारावर दोन बोटं दांडीवर नुसती टेकवली तरी सायकल शहाण्या बैलासारखी थांबायची. घरी तो पोटभर जेवू लागला, हसू लागला. फक्त तेलाचं सांगायचं राहून गेलं. नवरे असेच असतात. कामाचं तेवढं विसरतात.

दसरा आला. घरात जेवढं लोखंड तेवढं पुजायचं. विळा, कोयता, कुदळ, सगळं साळुबाईनं धुतलं, तेल लावून उजळलं. भगवंत आपट्याची पानं आणायला टेकडीवर गेला होता. साळुबाईनं सायकल अंगणात घेतली. तिच्या मनात आलं, ह्या सायकलीनं माझा माणूस मला परत दिला. तिनं खोबरेल तेल घेतलं आणि दोन्ही रिमा अशा मायेनं चोळल्या की तोंड दिसावं. ब्रेकला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि मनोभावे हात जोडले. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तो असा.

दुपारी दोघं निघाली. चढ दोघांनी पायी चढला. खिंडीच्या माथ्यावर ती कॅरिअरवर बसली, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. उतार लागला. भगवंतानं ब्रेक दाबला. काहीच नाही. डावाही दाबला. साबण लावल्यासारखी चाकं सुसाट.

"साळू, उडी मार!"

"काय झालं वो?"

"ब्रेक लागत न्हाई! उडी मार म्हनतो!"

साळुबाईनं उडी मारली नाही. ती त्याच्या पाठीला चिकटली, हात लांबवला आणि उजव्या दांडीवरच्या त्याच्या दोन बोटांवर आपली पाचही बोटं ठेवून आवळली. त्या हाताला तेलाच्या वाटीच्या दिवसानंतर तिनं स्पर्श केला नव्हता. भगवंतानं तो या वेळी काढून घेतला नाही. दोघांचा जोर एका दांडीवर आला, दोन्ही शू सारखे रिमला घासत राहिले. करपल्या खोबऱ्याचा वास सुटला. तेल पुसत गेलं तसं चाक धरू लागलं, आणि वळणाच्या हातभर अलीकडे सायकल थांबली.

दोघंही खाली उतरली. साळुबाईनं रिमला बोट लावून वास घेतला आणि रस्त्याच्या कडेला बसली.

"म्याच लावलं व्हतं तेल. पूजेला. आता तुमच्या जिवावरच उठले असते मी!"

"मीच सांगितलं न्हाई तुला," भगवंत म्हणाला. "चूक माजी." तो तिच्या शेजारी बसला आणि उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो दोन्ही हातांत धरला. 

पुढचा उतार दोघांनी पायी उतरला. दुकानाशी हनीफ उभाच होता. माळ घातलेली सायकल आणि काळी पडलेली रिम बघून त्याला सगळं कळलं.

"तेल कुनी लावलं?"

"सायकलीला दुवा दिला आमी," भगवंत म्हणाला. "जरा जास्तीच दिला."

हनीफ खो खो हसला आणि सोड्याचं पाणी आणायला वळला. भगवंतानं त्याला थांबवलं. पिशवीतून आपट्याची पानं काढली. सोनं उजव्या हातानं द्यायचं असतं. अंगठा आणि दोन बोटं, त्यांत ती पानं धरून भर बाजारपेठेत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्याने हात पुढे केला.

"घ्या, हनीफभाई. सोनं घ्या."